डोक्यालाच फुटलेले पाय

साडेतीन-चार वर्षांच्या लेकराच्या हातात खडू द्या आणि म्हणा, “माणूस काढ बरं.” ते फरशीवर एक गोल काढेल. गोलात दोन ठिपके, त्यांच्या खाली एक आडवी रेघ. मग जराही न अडखळता त्या गोलालाच खालून दोन लांब रेघा जोडेल, मान वर करेल आणि सांगेल, “झाला!”

मान नाही, धड नाही, पोट नाही. डोक्यालाच पाय फुटलेत. हात काढलेच तर तेही कानाच्या जागी.

आपण कौतुकानं हसतो आणि मनात म्हणतो, लहान आहे अजून, चुकायचंच. पण थांबा जरा. असा माणूस त्या लेकरानं पाहिला कुठं? आईला पोट असतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच पोटावर डोकं टेकून ते झोपतं. तरी कागदावर पोट येत नाही. आणि याहून मोठं नवल पुढंच आहे. बीड जिल्ह्यात, परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या अंगणवाडीतलं लेकरू जसा माणूस काढेल, तसाच तो जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी भाषा बोलणारं, वेगळं अन्न खाणारं लेकरूही काढतं. या दोघांनी एकमेकांचं चित्र कधीच पाहिलेलं नाही. चूक अशी ठरवून केल्यासारखी सगळीकडं सारखी कशी होईल?

ती चूक नाहीच. तो शोध आहे, आणि प्रत्येक लेकरू तो आपला आपण लावतं.

कसा, ते सुरुवातीपासून बघू. दीड वर्षाच्या मुलाचा हात खांद्यातून हलतो, म्हणून त्याच्या रेघा कमानीसारख्या मागंपुढं झुलतात. काही महिन्यांनी कोपर कामाला लागतं, मग मनगट. रेघ आखूड होते, वळायला लागते, गरगर फिरते. भिंती खराब होतात, आई वैतागते. आणि मग तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस ती रेघ फिरून आपल्याच शेपटीला येऊन मिळते. एक गोल तयार होतो.

आपल्याला त्यात काय विशेष वाटणार? पण त्या क्षणी कागदाचे दोन भाग झालेले असतात: एक आतला, एक बाहेरचा. आत जे आहे ते ‘काहीतरी’ आहे. ऱ्होडा केलॉग नावाच्या अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी आयुष्यभर मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि त्या गिरगोट्यांत वीस मूळ प्रकार वेगळे काढून दाखवले. आडव्या, उभ्या, तिरक्या, गुंडाळलेल्या रेघा. म्हणजे आपण ज्याला नुसतं रेघोट्या ओढणं म्हणतो, ती एक बाराखडीच होती!

त्या गोलात मूल डोळे टाकतं, कारण चेहरा ही त्याची सगळ्यात जुनी ओळख. नुकतंच जन्मलेलं बाळ इतर आकारांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकाराकडं जास्त वेळ बघतं, आणि त्याला बऱ्यापैकी दिसतं तेही वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे अंगावर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावरचं. शिवाय जन्मतेवेळी बाळाच्या उंचीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. चेहरा बोलतो, हसतो, रागावतो. पाय चालतात, निघून जातात, परत येतात. माणसात महत्त्वाचं जे काही घडतं ते या दोन ठिकाणी. चार वर्षांच्या मुलानं अख्खा माणूस आटवून त्याचा अर्क काढलाय. त्याला विचारा, “अरे, याचं पोट कुठंय?” कुणी गोलातच बोट ठेवतं, कुणी दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेत. पोट आहेच की! ते काढायची गरज तुम्हाला वाटते, त्याला वाटत नाही.

हा शोध किती जुना असेल? रशियातल्या नोवगोरोद शहरात १९५६ साली उत्खनन चाललं होतं. तिथल्या चिखलात भूर्जाच्या सालीचे तुकडे निघाले. तेराव्या शतकाच्या मध्यावर ओनफिम नावाचा एक मुलगा, असेल सहा-सात वर्षांचा, त्या सालींवर टोकदार काडीनं अक्षरं गिरवत होता. गिरवता गिरवता कंटाळा आला असणार. कारण अभ्यास मध्येच सुटलाय आणि तिथं घोडेस्वार आलाय, भाला आलाय, खाली पडलेला शत्रू आलाय. स्वाराशेजारी नाव कुणाचं? ओनफिमचं! दुसऱ्या एका सालीवर त्यानं शेपटीवालं विचित्र जनावर काढून, आपणच ते रानटी जनावर आहोत असंही लिहून ठेवलंय. त्याच्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आहेत. बोटं कुठं तीन, कुठं सात-आठ. अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानावर युद्ध काढणारा मुलगा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फक्त हा साडेसातशे वर्षांपूर्वीचा आहे.

या बोटांची आठवण ठेवा, शेवटी लागणार आहेत.

आता ओनफिमला तिथंच ठेवून धर्मापुरीला येऊ. तो जन्मला तेव्हा इथलं केदारेश्वराचं मंदिर चांगलं जुनं झालेलं होतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकातलं हे मंदिर. काळा पाषाण, आणि बाहेरच्या भिंतींवर देवदेवता नि सुरसुंदरी. सुरसुंदरी म्हणजे मंदिरांच्या भिंतींवर आपापल्या कामात गुंग असलेल्या त्या देखण्या बायका. दख्खनच्या मंदिरांवर कुणी आरशात बघते, कुणी पत्र लिहिते, कुणी कडेवर लेकरू घेतलेलं, कुणाचा पदर माकड ओढतंय. दगड हलत नाही, पण बघणाऱ्याला वाटतं, आता ही वळेल.

डोक्याला पाय जोडणारं लेकरू आणि ही सुरसुंदरी घडवणारा शिल्पी यांच्यात अंतर किती? मला तर एक अद्भुत जवळीक दिसते. भारतीय शिल्पशास्त्रात मूर्तीचं माप ‘ताला’त मोजतात. एक ताल म्हणजे साधारण चेहऱ्याची लांबी, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत. देखण्या देहासाठी नवताल, म्हणजे असे नऊ चेहरे एकाखाली एक मांडून होईल तेवढी उंची. ठेंगण्या गणांना कमी ताल. म्हणजे बघा, शिल्पीही चेहऱ्यापासूनच निघाला! लेकरानं एक चेहरा घेतला आणि त्याला पाय जोडून वाटेला लागलं. शिल्प्यानं तोच चेहरा घेतला आणि त्यानंच अख्खा देह मोजला. सुरुवात एकच. मधला प्रवास शिक्षणाचा.

आणि ते शिक्षण केवढं होतं! विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. राजा वज्र मार्कंडेय ऋषींना विचारतो, मूर्ती घडवायला शिकवा. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र यायला हवं. चित्रासाठी? नृत्य. नृत्यासाठी? वाद्य. वाद्यासाठी? गाणं. राजा छिन्नी-हातोडी मागायला आला होता, आणि त्याला गाण्याच्या वर्गात बसावं लागलं! मला ही गोष्ट शिक्षणाच्या कुठल्याही धोरणापेक्षा खोल वाटते. दगडातली ती बाई वळेल असं आपल्याला का वाटतं, याचं उत्तर याच गोष्टीत आहे. घडवणाऱ्याला ताल माहीत होता, दोन्ही अर्थांनी.

आता आपल्या शाळेत येऊ, कारण मधला प्रवास तुटतो तो इथं.

तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात जाऊन सांगा, “निसर्गचित्र काढा.” वीस मिनिटांत तीस चित्रं तयार. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठाला कौलारू झोपडी, एक नारळाचं झाड, आभाळात चार पक्षी. कोकणात हेच, विदर्भात हेच आणि मराठवाड्यातही हेच. बीडच्या ज्या लेकरानं बारमाही वाहणारी नदी पाहिली नाही, नारळ पाहिला तो देवळात फुटलेला, त्याच्याही वहीत हेच.

आणि त्रिकोणी डोंगर? परळीहून अंबाजोगाईकडं जाताना गाडीच्या खिडकीतून बघा. बालाघाटचे डोंगर त्रिकोणी नाहीतच! ते सपाट माथ्याचे आहेत. कुणीतरी वरून सुरीनं कापावेत तसे, टेबलासारखे. रोज सकाळी दारात उभं राहिलं की दिसणारा डोंगर सपाट, आणि वहीतला डोंगर टोकदार. लेकरानं डोंगर रोज पाहिलाय, पण एकदाही बघितलेला नाही.

समजा एखाद्या गुरुजींनी वर्ग बाहेर आणला आणि म्हणाले, “समोरचा डोंगर आहे तसा काढा.” पहिली दहा मिनिटं त्रिकोणच येतील. सवय आहे. मग कुणीतरी म्हणेल, “सर, ह्याला तर टोकच नाही!” आणि पुढचा प्रश्न आपसूक येतो: का नाही?

त्या प्रश्नाच्या मागं काय दडलंय बघा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. पातळ लाव्हा पसरत गेला आणि आडवा थिजला, ताटात ओतलेल्या पिठल्यासारखा. मग पावसानं कोरायला सुरुवात केली. कठीण थर टिकले, मऊ थर झिजले, म्हणून माथा सपाट आणि उतारावर पायऱ्या. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द आला आहे स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून! चौथीतल्या मुलानं पेन्सिलनं डोंगराची कड ओढताना ज्या पायऱ्या पाहिल्या, त्याच पायऱ्या पाहून शास्त्रज्ञांनी नाव ठेवलं. आणि याच लाव्ह्याच्या काळ्या खडकात या भागातली जुनी मंदिरं घडली. डोंगर काढायला बसलेलं मूल भूगोलात शिरतं, तिथून इतिहासात, आणि त्याला कुणी सांगितलेलंही नसतं की तास बदलला.

पण बघितल्याशिवाय पाहणं होतं तरी कसं? डोळे तर उघडेच असतात ना?

इथं आणखी एक मौज आहे. हात समोर लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा, तेवढीच आपल्याला एका वेळी लख्ख दिसते. बाकी सगळं धूसर. डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतो, इथून तिथं, तिथून इथं, आणि त्या तुकड्यांतून मेंदू अख्खं जग शिवून आपल्यापुढं ठेवतो. पण मेंदू काटकसरी आहे. ‘डोंगर’ हे ओळखलं की त्याचं काम झालं. कशाला रोज नव्यानं बघत बसायचं? त्याच्याकडं डोंगराचा ठसा तयार आहे, झाडाचा आहे, डोळ्याचा आहे. रस्त्यानं चालताना, बैलापासून सरकताना हे फार उपयोगी. चित्र काढताना मात्र हात डोंगर सोडून ठसा काढतो.

खोटं वाटत असेल तर आज रात्री एक प्रयोग करा. कुठलंही रेखाचित्र घ्या, एखाद्या बसलेल्या माणसाचं, आणि ते उलटं ठेवून जसंच्या तसं उतरवा. डोकं खाली, पाय वर. संपल्यावर कागद सुलटा करा. तुमचं तुम्हालाच आश्चर्य वाटेल: सरळ ठेवून काढलं असतं त्यापेक्षा हे कितीतरी बरं जमलेलं असतं! अमेरिकेतल्या चित्रशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकातून हा प्रयोग घरोघरी पोचवला. हे का जमतं? कारण उलट्या चित्रात मेंदूला नाक ओळखू येत नाही, बोट ओळखू येत नाही. ठसे सापडत नाहीत. मग नाइलाजानं तो बघतो: ही रेघ इथून निघाली, एवढी वळली, तिथं थांबली. “मला चित्र येत नाही” म्हणणाऱ्या माणसाचा हात धडधाकट असतो. त्याला थांबून बघायला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

हे “मला येत नाही” नेमकं केव्हा सुरू होतं? साधारण नऊ-दहाव्या वर्षी. तोवर मूल जे ठाऊक आहे ते काढतं. विहीर काढली की आतलं पाणी आणि मोटारही दिसणार, बैलगाडीची दोन्ही चाकं शेजारी शेजारी येणार, घराच्या भिंतीतून चूल दिसणार. फ्रेंच अभ्यासक लुके यांनी १९२७ साली याच गोष्टीचा सुंदर उलगडा केला: मूल डोळ्याला दिसणारं काढत नाही, मनाला माहीत असलेलं काढतं. प्राचीन इजिप्तच्या चित्रकारांनीही तेच केलं. ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुनच्या थडग्यातलं एक बागेचं चित्र आहे, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचं. तळं वरून पाहिल्यासारखं आणि त्यातले मासे नि काठची झाडं बाजूनं पाहिल्यासारखी. आठ वर्षांच्या पोरानं पाझर तलाव काढला तर असाच काढेल.

मग दहाव्या वर्षी मुलाला कळतं की आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ नाही. भिंतीतून चूल दिसत नसते. हा मोठा शहाणपणाचा क्षण आहे, मेंदू एक पायरी चढलाय. नेमक्या त्याच वेळी त्याला हात द्यायला कुणीतरी हवं, जे सांगेल, “बरोबर ओळखलंस, चल, आता कसं बघायचं ते शिकू.” आणि नेमक्या त्याच वेळी आपण काय करतो? चित्रकलेचा तास गणिताला देतो. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली सहावी ते आठवीला, शंभरावर पट असेल तिथं, कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला. पण पाया खचतो तो त्याच्या आधी, चौथी-पाचवीत. एरवी गणित सुटत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला कुणी म्हणत नाही की तुझ्या अंगातच गणित नाही, सोडून दे. चित्राच्या बाबतीत सर्रास म्हणतात. मला याचं मनापासून दुःख होतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला एका माणसानं याच्या उलट करून पाहिलं होतं. देवीप्रसाद त्यांचं नाव. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार, कुंभारकामातले जाणकार. १९४४ साली ते सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत खेड्यातल्या मुलांना कला शिकवू लागले. सूत कातणं, शेती, स्वच्छता यांच्या बरोबरीनं चित्र. ती वर्षं त्यांना आयुष्यभर पुरली. पुढं त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांचं सगळं म्हणणं आहे: कला हा शिक्षणाचा पाया. पाया! आपण तिला कळसावरचं रंगकाम समजतो, वर्गणी उरली तर करायचं.

तुम्ही विचाराल, याचा उपयोग काही मोजलाय का कुणी? मोजलाय, आणि त्यातला एक निकाल वाचून मी धर्मापुरीचाच विचार करत बसलो.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल नावाचं गाव आहे. तिथं २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस नावाचं मोठं कलासंग्रहालय उघडलं. आसपासच्या शाळांची इतकी झुंबड उडाली की कोणाला आधी न्यायचं यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. संशोधकांना ही पर्वणीच! एकीकडं जाऊन आलेली मुलं, दुसरीकडं तशीच पण अजून न गेलेली. जवळपास ११ हजार मुलं, १२३ शाळा. काही आठवड्यांनी सगळ्यांना एक अनोळखी चित्र दाखवून विचारलं, यात काय चाललंय? जी मुलं फक्त एकदा, अर्धा दिवस, संग्रहालयात फिरून आली होती, ती जास्त बारकाव्यानं बघत होती, जास्त नेमकं लिहीत होती. आणि सगळ्यात जास्त फरक कुणात? खेड्यातल्या मुलांत!

त्यातही एक गोष्ट तर आपल्यासाठीच घडल्यासारखी आहे. तिथल्या एका जुन्या चित्रात काही माणसं मेपलच्या झाडाच्या चिकापासून पाक करताना दिसतात. गुलामगिरीला विरोध करणारी ती माणसं. उसाची साखर गुलामांच्या कष्टावर होते म्हणून तिला पर्याय शोधणारी. ते चित्र पाहिलेल्या मुलांपैकी ८८ टक्के मुलांना ही हकिकत आठवड्यांनंतरही आठवत होती. ऊस आणि उसामागचे हात. ऊसतोड कामगारांच्या बीडमधल्या किती वर्गांत ही गोष्ट पुस्तकाशिवाय कळेल!

एक खरं सांगायला हवं. चित्र काढल्यानं गणिताचे मार्क वाढतात, असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली अशा ढीगभर अभ्यासांची छाननी केली, आणि चित्रामुळंच मार्क वाढतात याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. मला या निकालानं जराही वाईट वाटलं नाही. गणितामुळं चित्र सुधारतं का, असं आपण कधी विचारतो का? चित्र जे देतं ते निराळंच असतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१६ साली एक साधा प्रयोग झाला. लोकांना काही शब्द दिले. काहींचं चित्र काढायचं, काही नुसते पुन्हा पुन्हा लिहायचे. नंतर आठवायला सांगितलं तेव्हा चित्र काढलेले शब्द जवळपास दुपटीनं आठवले. चित्र चांगलं असो की वेडंवाकडं, काही फरक नाही! ह्यूस्टन शहरातल्या ४२ शाळांत कलेचे तास वाढवून पाहिले, तर शिस्तभंगाच्या तक्रारी ३.६ टक्क्यांच्या अंकानं घटल्या, मुलांचं लेखन सुधारलं आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची कणव वाढली. २०१९ साली तो अहवाल आला. कणव मोजता येते आणि ती रंगांच्या डब्यातून वाढते, हे वाचून मी पान उलटायचंच विसरलो.

आपल्याकडं यासाठी हाताशी काहीच नाही असं मात्र समजू नका. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून उभं आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा खेड्यापाड्यांतून पोरं देतात. ड्रॉइंग बोर्ड काखेत मारून परीक्षेला निघालेलं पोर महाराष्ट्रात कुणाला अनोळखी नाही. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप फी भरतात. भरू देत. पण त्या परीक्षेत एक पेपर असा आहे, ज्याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय: स्मरणचित्र. समोर काहीच नाही. ना वस्तू, ना नमुना. कोरा कागद आणि एक विषय: बाजार, जत्रा, शेतातली कामं. मनात साठवलेलं बाहेर काढायचं.

आता बीड जिल्ह्यातलं लेकरू डोळ्यांपुढं आणा. दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही लेकरं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. परतल्यावर त्यांची पाठ्यपुस्तकातली किती पानं गेली ते आपण मोजतो. पण त्यांना कुणी सांगितलं, “तुझं स्मरणचित्र काढ,” तर? पाचटाची कोप आतून कशी दिसते. पहाटेच्या अंधारात गाडीखाली लटकणारा कंदील उजेड कुठवर टाकतो. मोळी डोक्यावर घेतल्यावर आईची मान किती ताठ होते आणि पावलं कशी पडतात. हे त्या लेकराइतकं बारकाईनं दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नाही. इथं त्याचं काही बुडालेलं नाही. इथं वर्गात सगळ्यात श्रीमंत तेच आहे. त्याला फक्त एक तास हवा, आणि ते चित्र हातात घेऊन नीट बघणारी एक बाई किंवा गुरुजी.

आणि धर्मापुरीच्या मुलांचं भाग्य तर असं की संग्रहालय बघायला त्यांना बेंटनव्हिल काय, छत्रपती संभाजीनगरलाही जावं लागत नाही. ते गावातच आहे. तिकीट नाही, चिठ्ठ्या नाहीत. केदारेश्वरापाशी चालत जायचं.

करून बघू, मनातल्या मनात. सकाळची वेळ, ऊन तिरपं. चौथीची पोरं पाट्या घेऊन भिंतीपुढं बसलीत. सर म्हणतात, कुठलीही एकच मूर्ती निवडा. पहिली गंमत उन्हाची: जिथं दगड पुढं आलाय तिथं उजेड, जिथं आत गेलाय तिथं सावली. चालुक्यांच्या मंदिरांची भिंत सरळसोट नसतेच, ती पुढं येते, मागं सरते, पुन्हा पुढं येते. सूर्य चढेल तशी तिच्यावरची सावली चालायला लागते. अर्ध्या तासात पोरांच्या लक्षात येतं की आपण आधी काढलेली सावली आता तिथं नाहीच. सूर्य हलतो हे पाठ होतं. आज तो हलताना पकडला.

मग कुणीतरी विचारतं, “सर, ही बाई वाकडी का उभी?” सर सांगतात, “तूच तशी उभी राहून बघ.” अख्खा वर्ग उभा. सगळा भार एका पायावर. काय झालं? त्या बाजूची कंबर वर गेली. आणि खांदा? तो त्याच बाजूला खाली आला! तोल सांभाळायला शरीर आपणच तीन ठिकाणी वळलं: गुडघ्यात, कमरेत, मानेत. याला म्हणतात त्रिभंग. विठोबा समचरण उभा, मुरलीधर देहुडा उभा, हे पोरांनी घरी हजारदा ऐकलंय. आज ते त्यांच्या कमरेला कळलं. नृत्याशिवाय चित्र येत नाही म्हणणाऱ्या मार्कंडेय ऋषींना हा वर्ग आवडला असता.

सगळ्यात मागं एक लहानगी बसली आहे. तिनं डोकं काढलं, त्याखाली आता धड आलंय, कंबर आलीये, पाय आलेत. हातापाशी येऊन तिचा खडू थांबतो. ती उठते, भिंतीजवळ जाते, टाचा उंचावून मूर्तीच्या हाताशेजारी आपला पंजा धरते आणि मोजते. काळाच्या ओघात तो दगडी हात तुटलेला आहे. बोटं उरलीत दोनच. तिला ठाऊक आहे की हाताला पाच बोटं असतात. ओनफिमनं तीन काढली होती, आठ काढली होती, त्यानं वळून बघितलंच नव्हतं. ती पुन्हा वळून बघते. जागेवर येऊन बसते, आणि पाटीवर दोनच बोटं काढते. मग पाटी छातीशी धरून सरांकडं येते.

“सर, हिची बाकीची तीन बोटं कुठं गेली?”